मुंगसाला पाच पंच

आमच्या शेजारच्या वामनकाकांनी एकदा मेलेल्या मुंगसापायी वऱ्हाडाची गाडी अडवली होती. मुहूर्त टळत होता, नवरदेवाचा मामा हातापाया पडत होता, पण काका ढिम्म. "मले पाच पंच पायजेत. सही ठोका अन् जा." शेवटी नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारून मुंगसाच्या पंचनाम्यावर सही केली, तेव्हा कुठं वऱ्हाड हललं.

काका महसूल खात्यातून तलाठ्यांवरचे गिरदावर म्हणून रिटायर झाले. म्हणजे खात्यानं केलं, हे झाले नाहीत. जन्म गेला लोकांच्या बांधांचे अन् भांडणांचे पंचनामे करण्यात. आता तेलंगणातल्या तलमडुगुच्या रस्त्यावर, आमच्या गावाबाहेरच्या मोरीजवळच्या वळणावर, ते जनावरांचे पंचनामे करतात. नाल्यावर पाण्याला येणारं जनावर त्याच वळणावर रस्ता ओलांडतं, आणि आमचे शूरवीर नेमक्या त्याच वळणावर गाडी सुसाट सोडतात. मेलेल्या जनावराचा फोटो काढायला त्यांना वेळ असतो, सहीला नसतो.

पंचनामा मात्र अगदी रीतसर. मयताचे नाव: मुंगूस. बापाचे नाव: नामालूम. राहणार: नाल्याकाठची झुडपं. पेशा: साप धरणे.

"काका, मुंगसाची जात नाही लिहिली?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"चूप रे. थे मानसाच्या कागदात लागते."

पाचवा पंच बहुतेक मीच असतो, कारण मी मास्तर, अन् शाळेत जायला मला दुसरा रस्ता नाही. किती घोरपडींचा अन् उदमांजरांचा साक्षीदार झालो, देव जाणे. उशिराचं कारण 'घोरपड' असं हेडमास्तरांना एकदा सांगून पाहा, म्हणजे कळेल.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर वळणावर एक ब्रेकर व्हावा म्हणून! अर्जाला पंचनाम्यांची चळत जोडून काका हापिसांचे उंबरठे झिजवतात. रस्तेवाले म्हणतात, जनावर जंगलवाल्यांचं. जंगलवाले म्हणतात, डांबर रस्तेवाल्यांचं. डांबरावर मेलेलं जनावर कोणाचंच नाही. साहेब गोड हसून तेलुगूत 'रेपु' म्हणतात, म्हणजे उद्या. एका पुढाऱ्याच्या दारासमोर मात्र दोन ब्रेकर आहेत. तिथं कधी कोंबडीसुद्धा मेल्याचं ऐकलं नाही.

काका मोरीपर्यंत पायीच जातात, भर उन्हात. घरी चांगली स्कूटर आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. "पेट्रोल टाकायला जीव तुटतो म्हाताऱ्याचा," असं मी गावभर सांगत असे, आणि लोक हसत असत.

पण एक मानावं लागेल. सहीची कटकट नको म्हणून लोक वळणावर गाडी हळू करू लागले. मयतच नाही तर पंचनामा कसला? फक्त काका मोरीवर दिसले पाहिजेत. ते दिसले नाहीत की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी शाळेतून येताना मीही तेच केलं. मोरीवर काका नव्हते. म्हटलं, सुटलो बुवा, आणि गाडी दामटली. कापसाच्या पऱ्हाटीतून ससा निघाला आणि सरळ चाकाखाली आला.

खरं सांगतो, पहिला विचार पळून जायचाच आला. आसपास चिटपाखरू नव्हतं. पण ससा अजून पाय झाडत होता, आणि मी गाडी बंद करून उभा राहिलो. थोड्या वेळानं तो शांत झाला. तेवढ्यात नाल्यात हातपाय धुवून काका वर आले. त्यांनी सशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"वाहन क्रमांक?"

"काका, एवढा एक सोडून द्या ना. गावात माझं हसं होईल."

काका रागावले नाहीत. मोरीच्या कठड्यावर बसले आणि पिशवीच्या तळातून घड्यांवर विरलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. अर्जाला कधीच न जोडलेला. मयताचे नाव: हरीण, मादी. वाहन: स्कूटर. पुढं नंबर. कोंबड्या बसतात त्याच स्कूटरचा. खाली पंचांच्या पाचही जागा कोऱ्या होत्या.

"साहेबाचा दौरा होता रे त्या दिवशी. थांबलो नाही मी. मांगं वळून पाह्यलं, त थे उठाले पाहून राह्यलं होतं. माह्याकडंच पाहून राह्यलं होतं. सांजच्याले परत आलो, त नुस्ता डाग."

मला माझीच लाज वाटली. गावभर वाटलेलं ते पेट्रोल आठवलं.

"द्या काका, मी करतो सही."

"तू होता काय थितं? खोटी साक्ष नाही चालत." त्यांनी कागद घडी करून पुन्हा तळाशी ठेवला.

मग सशाचा पंचनामा मीच लिहायला घेतला. माझ्या गाडीचा नंबर माझ्या हातानं लिहिला. आरोपीनंच पंचनामा लिहिणं कोणत्याही कायद्यात बसत नाही, पण काकांनी तो चालवून घेतला. पहिल्या पंचाच्या जागी त्यांनी सही केली.

"तू थांबला, बाप्पा," ते म्हणाले. "तू थांबला."

उरलेले चार पंच येईपर्यंत आम्ही दोघं मोरीवर बसून राहिलो.