साखराबाईचं सिम

विहिरीवर मोबाईलचा स्टार्टर बसला आणि रामकिशनचा रुबाब वाढला. घरून रिंग दिली की मोटार सुरू, पुन्हा दिली की बंद. फक्त डब्यात घालायला एक सिम हवं होतं. त्यासाठी तालुक्याला, लोह्याला कोण जाणार? त्यानं बायकोच्या मोबाईलमधलं काढलं.

"आवं, माझं कशाला?" साखराबाई म्हणाली.

"तुला कोन फोन करून राहिलंय? मोटारीच्या तरी कामाला येईल."

साखराबाईनं रिकामा मोबाईल फळीवर ठेवून दिला. उदगीरहून आईचा रोज सकाळी फोन यायचा; पण मोटारीपुढं आई कुठं टिकते?

दुसऱ्या दिवशी सात वाजता मोटार आपोआप सुरू झाली. सात वाजून एक मिनिटाला बंद. मग पुन्हा सुरू. दुपारी हळदीत तळं साचलं आणि पाणी शेजारच्या हरभऱ्यात शिरलं.

"रामकिशन, मोटार पिऊन हाय का रे तुझी?" बांधावरून शेषेराव ओरडला.

रामकिशननं नारळ फोडला. नारळ फुटताक्षणी मोटार बंद झाली. देव पावला म्हणून त्यानं हात जोडले, तर सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक दयानंद आला. "हा डबा कोनाचीबी रिंग घेतो. सिम कोनाचं हाय?"

त्यानं ते परत साखराबाईच्या मोबाईलमध्ये घातलं. मोबाईल लगेच वाजला. सिंधुला पापडाचं पीठ विचारायचं होतं. मग बचत गटाची विशाखा. मग नणंद मनिषा.

"एवढ्या बाया तुला कशाला इचारतेत?" रामकिशन थक्क झाला.

"गटाची अध्यक्ष हाय मी. दोन वर्षं झाली."

तेवढ्यात दारात पिशवी घेऊन मल्लम्मा उभी. सात वर्षांनी लेकीच्या दारात! "एकदा वाजायचं अन् कट. मला वाटलं, लेक रुसली. पहिल्या यष्टीनं निघाले."

साखराबाई आईच्या गळ्यात पडली. संध्याकाळी मायलेकींनी विहिरीवर जाऊन स्टार्टरच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं. "लई उपकार झाले, बाबा," साखराबाई त्याला म्हणाली.

रामकिशननं मुकाट्यानं आपलं सिम डब्यात घातलं. आता मोटार सुरू करायला तो बायकोचा मोबाईल मागतो.

आठ दिवस मोटार एकदाही आपोआप सुरू झाली नाही. पहिले चार दिवस त्याला बरं वाटलं. नंतर तो विहिरीकडं बघत बसू लागला.

नवव्या दिवशी मोटार घरघरली.

"कोनीतरी आठवण काढली गं माझी!" रामकिशन हरखून उठला.

साखराबाईनं मोबाईल पदराखाली सरकवला.

"काढली असंल की," ती म्हणाली.