लाल ठिपक्यांची मोहीम, अर्थात डोरीन यंत्राची हकीकत

हुजूर, ठिपके तुम्ही पुसलेत. दुसऱ्या कोणी नव्हे. आपले नाव येथे नोंदिले नाही, कारण नाव नोंदिले की म्हणाल, तो साहेब बदलून गेला, ते खाते मोडले, त्या कपाटाची किल्ली गहाळ जाहली. तर नाव राहून जावो, कृत्य नोंदिल्यावाचून राहणार नाही. सन एकोणीसशे एक्याऐंशीत तुम्हीच फर्माविले की यंत्र आपोआप वाजते, त्यामागे माणूस नाही. आणि बेचाळीस वर्षांनी त्याच यंत्रावरील माणसाची खूण तुम्हीच चिंधीस औषध लावोन साफ केलीत, आणि साफ केली म्हणोन वर खुशीचे पत्रही धाडिलेत. आता घडले तैसे ऐकणे. कान झाकोन घेण्याची तुमची चाल ठावकी आहे, म्हणोन अक्षर मोठे काढिले आहे.

यॉर्कशायर मुलुखी हॅलमथॉर्प नगर, तेथे चढावरल्या गल्लीत डोरीन ऑलरनशॉ नामे बाईंचे तळल्या मासळीचे दुकान. त्यांचे चिरंजीव यंत्रबहाद्दर क्लाइव्हराव, वय वर्षे अठरा, मान लांब, बोलणे कमी. शेजारी केशकर्तनाच्या दुकानी चाकरीस कंठशमशेर लॉरेनबाई टॅस्कर, वय वर्षे एकोणीस, बोलणे कमी नाही. उभयतांनी दुकानामागील बटाट्यांच्या कोठीत मसलत केली की गिटार हे जुने हत्यार, ते गल्लीतल्या हरएक पोराच्या गळ्यात आहे, आपण विजेचे यंत्रवाद्य, ज्यास सिंथेसायझर म्हणतात, ते पैदा करावे, आणि मग एका मोडीत निघालेल्या विद्यालयातून तैसे यंत्र मिळविले, आणि क्लाइव्हराव तान्हे असता ज्या बाबागाडीत निजत, तीवरच ते लादोन चढ चढविला, आणि अर्ध्या चढावर चाक निखळले तेव्हा खाशांनी स्वतः खांदा दिला. वजन वासराएवढे, अंगावर सव्वीस खुंट्या. थोरल्या बाईंप्रमाणेच तेही तापल्याखेरीज कामास लागत नसे, म्हणोन त्याचे नाव डोरीन ठेविले. थोरल्या डोरीनबाईंनी यास हरकत घेतली नाही. म्हणाल्या, निदान ही उलटून बोलत नाही.

या यंत्राचे एक वर्म होते. त्यास स्मरण नाही. आज सव्वीस खुंट्या फिरवोन जो आवाज साधला, तो उद्या खुंटी हलली की गेला. यास्तव लॉरेनबाईंनी आपल्या नखांच्या रंगाची कुपी काढिली आणि हरएक खुंटीपाशी, ती जेथे थांबावी तेथे, लाल ठिपका दिला. हे सव्वीस लाल ठिपके म्हणजे 'पत्र्यावरचा बर्फ' या पदाचा आवाज. तोच त्यांचा किल्ला, तोच खजिना. अन्य पदांस निळे, जांभळे ठिपके दिले होते, पण रयतेचा जीव लाल ठिपक्यांत.

फौजेचे नाव 'विंटर टाइमटेबल' ठरले. पहिली स्वारी नगरभवनावर, की तेथील मोठ्या दिवाणखान्यात आमची गाणी व्हावी. त्यावर नगरपालिकेचे, म्हणजे आपलेच, हुजुरांचे फर्मान आले ते जसेच्या तसे: 'सदर वाद्य आपोआप वाजते, सबब वादक म्हणोन कोणास प्रवेश देता येत नाही.' क्लाइव्हरावांनी ते घडी करोन खिशात ठेविले. लॉरेनबाई बोलल्या. ते शब्द लिहिता येत नाहीत.

मग तबकडी निघाली, आणि दूरचित्रवाणीवरल्या गुरुवारच्या गाण्यांच्या दरबारात राखी अंगरखे घालोन उभयता उभे राहिले, आणि 'पत्र्यावरचा बर्फ' देशभरच्या खपाच्या यादीत चढत चढत चौथ्या क्रमांकास पोहोचले, आणि तेथे पिवळ्या बदकाच्या बाहुलीने गायिलेल्या पदाने वाट अडविली. दोन हप्ते वेढा चालला. बदक हटले नाही. तरी जर्मन मुलुख, पोलंड मुलुख येथे नौबत झडली, आणि पंडितांनी लिहिले की असा गारठलेला, थरथरता आवाज उत्तर ध्रुवावरच जन्मावा. बटाट्यांच्या कोठीचे नाव कोणी घेतले नाही.

पुढे गिटारवाल्यांची धामधूम जाहली आणि फौजेस वाईट दिवस आले. स्केग्नेस बंदरी सुट्टीकरांच्या छावणीत बिंगोच्या दोन डावांमध्ये गावे लागले, आणि एकदा तर आकडे पुकारणाऱ्याने पद मध्येच तोडोन त्र्याऐंशी पुकारिला. फौज मोडली नाही. लॉरेनबाई सोमवार ते गुरुवार केस कापीत, शुक्रवारी कूच करीत. रिवाज मात्र एक कधी चुकला नाही: गाण्यास उभे राहण्याआधी क्लाइव्हराव गरम चिप्सचे, म्हणजे तळल्या बटाट्याच्या फोडींचे, पुडके आणोन डोरीनच्या टपावर ठेवीत, पहिले पद 'पत्र्यावरचा बर्फ' गाऊन होई, आणि मग उभयता ते पुडके खात. का ठेवितां, ऐसे विचारले असता म्हणत, शकुन. थोरल्या डोरीनबाई देवाघरी गेल्या, दुकान सायप्रसकडल्या योताबाईंनी घेतले, तरी शकुन चालू राहिला.

ऐसी बेचाळीस वर्षे गेली, आणि ज्यांच्या बापांनी ही गाणी ऐकली ती पोरे पुन्हा ऐकू लागली, आणि मग हुजुरांस एकाएकी आठवण जाहली की हे तर आपल्या नगराचे भूषण! खलिता आला की नगरभवनाच्या त्याच दिवाणखान्यात, ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेस, गाणी व्हावी. तत्पूर्वी सहा महिने यंत्र आमच्या वारसाखात्यात काचेच्या पेटीत रयतेस पाहण्यास ठेवावे. क्लाइव्हरावांनी जुने फर्मान खिशातून काढोन नव्या खलित्याशेजारी ठेविले, बराच वेळ पाहिले आणि होकार धाडिला. त्या दिवाणखान्यात, हाताने वाजवोन, एकदा. एवढेच त्यांस पाहिजे होते.

तारीख पंचवीस, बुधवार. डोरीन परत आली. आरशासारखी लखलखीत. सोबत पत्र: 'वस्तूवरील लाल व इतर डाग यशस्वीरीत्या काढण्यात आले आहेत.'

क्लाइव्हराव गॅरेजात खुर्चीवर बसले ते उठेनात. लॉरेनबाईंनी निळे-जांभळे आवाज एका दिवसात कानाने हुडकोन काढिले. लाल काही केल्या येईना. तबकडी लावावी, खुंटी फिरवावी, पुन्हा तबकडी लावावी. गुरुवार गेला.

"हे काय वाजवलंस?" लॉरेनबाई म्हणाल्या. "बदक दारात चेंगरलंय का?"

"रेकॉर्डवर असंच आहे."

"असंच असतं तर मी बेचाळीस वर्षं त्या बदकाबरोबरच गायले असते की रे! फिरव ती खुंटी. ती नव्हे, मेल्या, शेजारची."

इतक्यात हुजुरांच्या कार्यक्रम-कारभाऱ्याचा फोन आला, आणि त्याने अडचण ऐकोन गोड सल्ला दिला. "अहो, मग लॅपटॉपवरनं सोडा ना जुनं रेकॉर्डिंग! तुम्ही नुसते मागं उभे राहा. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," क्लाइव्हराव म्हणाले आणि फोन ठेविला. ज्या तोहमतीविरुद्ध बेचाळीस वर्षे लढले, तीच कबूल करोन त्याच दिवाणखान्यात उभे राहावयाचे! यंत्र वाजते आणि माणूस मागे नुसता उभा! लॉरेनबाईंस सांगितले की शनिवारी आवाज न सापडल्यास गाणे होणार नाही, आणि आपण पुन्हा कधी वाजविणार नाही.

"दोन दिवस काही खाल्लं नाहीस म्हणून असं बरळतोयस," बाई म्हणाल्या, आणि शुक्रवारी दुपारी तरातरा जाऊन योताबाईंकडोन चिप्सचे पुडके आणिले, वर भरपूर सिरका, म्हणजे व्हिनेगर, बाजूस तळणीतला कुरकुरीत चुरा. आणि ठेवण्यास जागा नाही म्हणोन, वा बेचाळीस वर्षांच्या हाताच्या सवयीने, डोरीनच्या टपावर ठेविले. क्लाइव्हरावांचे बोट पट्टीवर तैसेच दाबलेले होते. सूर चालूच होता. पाच मिनिटे गेली, आणि सूर हळूच आतून थरथरू लागला.



"पुडकं उचल," क्लाइव्हराव म्हणाले. उचलले. थोड्या वेळाने थरथर गेली. "ठेव." ठेविले. थरथर आली.

मग उलगडा जाहला. यंत्राच्या पोटात दोन स्वर एकत्र गातात, आणि ऊब लागली की एक केसभर सरकतो, आणि मग दोहोंची झुंज लागोन आवाज कापू लागतो. ज्या कोठीत लाल ठिपके दिले, तिच्या भिंतीपलीकडे थोरल्या बाईंची कढई होती! ज्या गारठ्याची पंडितांनी उत्तर ध्रुवावर स्थापना केली, तो मासळीच्या कढईच्या उबेत जन्मला होता, आणि क्लाइव्हराव ज्यास शकुन समजत, तीच खरी सत्ताविसावी खुंटी होती.

परंतु पुडके लवकर निवते, आणि खुंट्या सव्वीस. सबब स्वारी कढईकडे न्यावी ऐसे ठरले. बाबागाडी उरली नव्हती. किराणा बाजाराची ढकलगाडी घेतली, डोरीन तीवर चढविली, आणि तोच चढ, तीच गल्ली, फक्त या खेपेस खाशांचे गुडघे साठ वर्षांचे, आणि एक चाक डावीकडेच ओढणारे, आणि लॉरेनबाई पुढे चालोन वाटेवरल्या मोटारींस हाताने हटवीत आणि तोंडाने उद्धरीत चालल्या.

दुकानात शुक्रवारची रांग. योताबाईंनी झारा उगारला. "मासे हवे तर रांगेत या. पियानो असला तरी रांगेत!"

"योता, भिंतीला लावून एक तास दे," क्लाइव्हराव म्हणाले. "हिला ऊब हवीय."

"मलाही हवीय, पण मी दुसऱ्याच्या दुकानात घुसते का?" ऐसे म्हणत बाईंनी वाटाण्याच्या लगद्याचे पातेले सरकवोन जागा केली.

मग कढई चरचरू लागली, डोरीन तापली, क्लाइव्हराव एकेक खुंटी केसाकेसाने फिरवू लागले, आणि रांगेतली रयत कौल देऊ लागली. हे नव्हे. हे जवळ आले. हे तर दाढ कोरण्याचे यंत्र. अखेर चोविसाव्या खुंटीवर, बसचालकीतून निवृत्त जाहलेले बूथरॉइड आजोबा हातातली मासळी सोडोन ओरडले, "थांब! हेच ते! हे लागलं की माझी बायको पहिल्या नवऱ्याच्या आठवणीनं रडायची."

"अगं बाई! आणि तुम्ही काय करायचात?" योताबाईंनी पुसले.

"मी इथं चिप्स न्यायला यायचो."

लॉरेनबाईंनी कुपी उघडिली. उरल्या दोन खुंट्या बसल्या, आणि सव्वीस लाल ठिपके पुन्हा जागच्या जागी पडले. क्लाइव्हरावांनी डोळे पुसले आणि तळणीचा धूर म्हणोन सांगितले.

शनिवारी नगरभवनी पाहतात तो आत हिवाळा! हुजुरांचा कायदा की एक नोव्हेंबरपूर्वी इमारतीत शेगडी पेटवू नये. दिवाणखाना आठशे माणसांचा, श्वासाची वाफ दिसे, आणि एक पुडके तेथे काय करणार? आवाज तपासला, बदक परत आले होते. तेव्हा योताबाईंनी मसलत न करिता दुकानास कुलूप लाविले, चाळीस पुडकी बांधिली आणि व्हॅन घेऊन मागल्या दारी दाखल जाहल्या. दारवान आडवा आला.

"गरम अन्न आत न्यायला मनाई आहे, बाई."

"खायला नाही, शेकायला आहे. शेकायला मनाई कुठं लिहिलीय, दाखव."

दारवानाने भिंतीवरचा फलक वरपासून खालपर्यंत वाचिला, पुन्हा वाचिला. "शेकायचं काही नाही ह्यात," म्हणाला आणि बाजूस जाहला. "एक इकडं राहू दे. माझाही गुडघा धरलाय."

मग मागल्या दारापासोन मंचापर्यंत रयतेची साखळी जाहली, आणि पुडकी हातोहात पुढे चालली, आणि आश्चर्य हे की एकही वाटेत फुटले नाही, आणि कोणी एकही चिप खाल्ला नाही. डोरीनच्या टपावर, बगलेस, पोटाखाली पुडक्यांचा तट उभा राहिला. सिरक्याचा वास छतास लागला. क्लाइव्हराव राखी अंगरखा घालोन उभे राहिले, तो आता पोटावर मिटत नव्हता, आणि त्यांनी जुने फर्मान काढोन पट्टीशेजारी ठेविले, आणि बोट दाबिले.

थरथर आली. आठशे माणसांनी एका दमात सूर धरिला.

येणेप्रमाणे सन दोन हजार तेवीस, ऑक्टोबरची अठ्ठावीस तारीख, शनिवार, संध्याकाळी आठ वाजोन दहा मिनिटांनी, 'विंटर टाइमटेबल' फौजेने हॅलमथॉर्पचा दिवाणखाना हाताने वाजवोन सर केला. लॅपटॉप आणिला नाही. जखमी: एक गुडघा, एक ढकलगाडी. हस्तगत: आठशे कंठ. पहिले पद होताच पुडकी सोडिली आणि आठशे जणांत वाटिली, त्यास फलकात मनाई असता कोणी वाचिली नाही.

आता हुजूर, तुमच्याकडे. यंत्र आपोआप वाजते, हे तुमचे फर्मान. कागद शाबूत आहे, त्यास आता चरबीचा एक डाग आहे, तो कृपा करोन साफ करू नये. आपोआप वाजते म्हणता, तर सहा महिने डोरीन तुमच्याच काचेच्या पेटीत एकटी होती. ठिपके नाहीत, पुडके नाही, माणूस नाही. त्या सहा महिन्यांत ती एकदा तरी वाजली काय?

उत्तर द्या. लेखी.