लिफ्टच्या ब्रेकचे बिनचूक पत्र

इमारतीच्या देखभाल कार्यालयात सगळा लेखी व्यवहार इंग्रजीतच चाले. ही पद्धत कोणी सुरू केली हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे ती मोडायची कोणाची हिंमत नव्हती.

एकदा लिफ्टचा ब्रेक निकामी झाला. कारकुनाने तसे वर कळवले, पण स्पेलिंग लिहिले ते मधल्या सुट्टीच्या ब्रेकचे. वरिष्ठांनी पत्र वाचून लिफ्टची विश्रांती मंजूर केली. कोणीही हसले नाही, कारण हसायला आधी चूक कळावी लागते.

ती कळली मोठ्या साहेबांच्या जावयाला. साहेबांच्या अब्रूचा प्रश्न आला. लगेच ‘समोच्चारी शब्द पडताळणी कक्ष’ स्थापन झाला आणि लिफ्टचे पत्र पहिल्यांदा तिथेच गेले. कक्षात एक जाडजूड शब्दकोश होता. पण तो उघडला तर आपल्याला येत नाही हे उघड होईल, म्हणून प्रत्येक जण गंभीरपणे मान डोलावून पत्र पुढच्या टेबलावर सरकवत असे.

पाचव्या मजल्यावरची एक सून रोज कक्षात येऊन बसू लागली. सासऱ्यांना धाप लागत होती, दवाखान्यात न्यायला हवे होते आणि जिना त्यांना झेपणार नव्हता. लिफ्टचा मेकॅनिकही तिथेच, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला असे.

“दादा, लिफ्टला काय झालंय ते तुम्हाला माहितीये ना?”

“मीच तर सांगितलं यांना. पण तोंडी चालत नाही, वहिनी. नोकरी जाईल माझी.”

मग तिने कक्षप्रमुखांना विनवले, “साहेब, आपल्या भाषेत दोन ओळी लिहा ना. ज्याला वाचायचंय तो इथेच बसलाय.”

कक्षप्रमुख खरोखर दुखावले गेले. “आपल्या भाषेत लिहिलं तर लोक काय म्हणतील, ताई? यांना इंग्रजी येत नाही म्हणतील.”

अखेर पत्र बिनचूक निघाले. त्याच दुपारी लिफ्ट सुरू झाली. सासरे आदल्या दिवशीच जिन्याने खाली गेले होते, चौघांच्या खांद्यावरून.

रहिवाशांनी लिफ्टशेजारी शोकसंदेश लावला. अर्थातच इंग्रजीत. तो नीटसा कोणालाच कळला नाही. तुम्ही-आम्ही तो वाचला, गंभीरपणे मान डोलावली आणि लिफ्टने वर गेलो.