नजरेचं माप

आधीच सांगून ठेवतो, माझं माप कधी चुकत नाही! गिऱ्हाईक दुकानाचा उंबरठा ओलांडतंय न ओलांडतंय, तोवर त्याची छाती, कंबर आणि स्वभाव माझ्या डोळ्यांनी मोजून झालेला असतो. गळ्यातली टेप निव्वळ शोभेला!

त्यामुळे आमच्या हिला आइस हॉकीचे स्केट्स घ्यायची वेळ आली, तेव्हा मी म्हटलं, त्यात काय एवढं? दोन पाय तर आहेत!

ही टपाल वाटते. दिवसभर पायपीट केलेल्या बाईनं संध्याकाळी पाय वर घेऊन बसावं की नाही? पण ही चाळिशीपुढच्या बायकांच्या हॉकी संघात जाऊन दाखल झाली. मीही सरावाला जातो. म्हणजे कठड्याबाहेरच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसतो आणि तिथून "गुडघे वाकव! अगं, गुडघे!" असं ओरडतो. बर्फावर स्वतः मी कधी पाय ठेवला नाही. बर्फाची जागा सरबतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण अशी की तिचे स्केट्स भाड्याचे आणि दोन नंबरांनी मोठे. पाय आत डुलायचे, घोटे वाकडे व्हायचे. शेवटी कोच बाईंनी शिट्टी वाजवून निकाल दिला, "रविवारी नर्सेसच्या संघाशी सामना आहे. टाच बुटात हलताना दिसली तर बाकावर बसायचं. घोटा मोडून घ्यायला मी तुम्हाला आणलेलं नाही!"

ही घरी आली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. हा तिचा पहिला सामना होता आणि वर्षभर ती त्याच्यासाठी पडून-पडून शिकली होती. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं! शनिवारी दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि तिला न सांगता निघालो.

मापाची काळजीच नव्हती. मागच्या दाराशी आमच्या चपला शेजारीशेजारी असतात. कचरा टाकायला जाताना मी लग्नापासून तिच्याच घालतो आणि त्या मला चपखल बसतात. म्हणजे तिचा पाय तोच माझा पाय! (पुरुषाच्या मानानं माझे पाय लहान आहेत. हे आपल्यातच राहू द्या.)

"सात नंबर दाखवा," मी स्केट्सच्या दुकानदाराला ऐटीत म्हणालो.

"बूट सातचे घालता? मग स्केट साडेपाचचा."

"साडेपाच? अहो, मी शिंपी आहे! थोडं लूजिंग नको का ठेवायला?"

"कपड्यात ठेवा. स्केटमध्ये लूजिंग ठेवलं की माणूस आडवा होतो. बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि टाच जागची हलता कामा नये. तुमच्यासाठीच ना?"

आता आली पंचाईत! "भावाची पँट शिवायचीय, माप माझं घ्या" म्हणत कुणी आलं तर मी त्याला पायरीवरूनच परत पाठवतो. आणि आज मी स्वतः, जिचं माप हवं तिला घरी ठेवून, तिच्याऐवजी माप द्यायला आलो होतो. हे या माणसाला सांगायचं?

"हो तर!" मी म्हणालो. "दुसऱ्या कुणासाठी?"

साडेपाच नंबर पायात असा बसला की मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. पैसे काढणार, तेवढ्यात दुकानदारानं बूट काढून घेतले आणि कोपऱ्यातल्या भट्टीत सरकवले.

"अहो, अहो! भाजताय काय?"

"गरम केले की मऊ होतात. मग पायावर बसतात."

अच्छा, इस्त्री होय! नवीन कपड्याला इस्त्री मारून देतात, तसंच असणार. इस्त्रीला कोण नको म्हणेल? त्यानं गरमागरम बूट माझ्या पायांत चढवले आणि नाड्या अशा आवळल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "गार होईपर्यंत हलू नका!" मी पुतळ्यासारखा बसून राहिलो. उजव्या अंगठ्याच्या सांध्याला मला चांगलं टेंगूळ आहे, शिलाई मशीनच्या पायडलची कृपा. तळवे तर पाटासारखे सपाट. बुटांनी ते सगळं निमूटपणे टिपून घेतलं.

"झाले!" दुकानदार कौतुकानं म्हणाला. "आता हे जगात फक्त तुमच्याच पायांना बसतील."

मीही मान डोलावली. त्यात काय घोळ आहे, ते मला काही म्हणजे काही कळलं नाही!

संध्याकाळी खोकं तिच्या पुढ्यात ठेवलं. हिचा चेहरा असा उजळला की मी स्वतःवरच खूश झालो. तिनं नाड्या बांधल्या, भिंतीला धरून उभी राहिली आणि लगेच खाली बसली.

"छान आहेत हो," ती म्हणाली.

तिचं हे 'छान' मी ओळखतो. माझी बहीण तिच्यासाठी साडी आणते तेव्हा निघतं, ते!

"काय झालं?"

"तळव्याला टोचतंय. आणि उजव्या बाजूला खड्डा आहे. माझ्या आधी कुणाच्या पायात होते?"

मी भट्टीची हकिकत सांगितली. सांगता सांगता माझी चूक मलाच समजत गेली.

"म्हणजे तुमचं टेंगूळ मी घालू?"

दुकानदाराला फोन केला. दुकान बंद, आता सोमवारीच! पण हार मानतो तो शिंपी कसला? मी वाफेची इस्त्री तापवली, ओलं फडकं घेतलं आणि तिच्या पायाजवळ बसलो.

"अहो! पाय आत आहे माझा!"

इस्त्री खाली ठेवली. ती हसली नाही. "जाऊ द्या," म्हणाली. "बाकावर बसेन. तुमच्या शेजारी. थर्मास आहेच."

मग मी गळ्यातली टेप काढली आणि तिचा पाय मांडीवर घेतला. किती वर्षांत तो असा नीट पाहिलाच नव्हता! चालून-चालून पडलेले घट्टे, निमुळती टाच, कमानदार तळवा. लांबी सोडली तर माझ्या पायाशी त्याचं काही नातं नव्हतं. टाच मोजली, घोटा मोजला, मग भाड्याचे स्केट्स आतून मोजले. जागा किती भरायची ते कळलं. कशानं भरायची?

समोर दुकानातून घरी आणलेला वकीलसाहेबांचा काळा कोट ट्रायलसाठी टांगलेला होता. भरदार खांद्यांचा, आत जाड पॅड घातलेला. मी कात्री उचलली.

रविवारी कोच बाईंनी हिची टाच धरून गदागदा हलवून पाहिली. टाच ढिम्म हलली नाही. "कुठून आणले हे अस्तर?" त्यांनी विचारलं.

"कोर्टातून," ही म्हणाली आणि बर्फावर उतरली.

सामना आम्ही हरलो. पण ही शेवटपर्यंत उभी होती, आणि एक गोल तर तिनं अंगावर घेऊन अडवला! मी इतका ओरडलो की थर्मास कठड्यापलीकडे गेला.

वकीलसाहेबांना पडलेले खांदे ही नवी फॅशन आहे, हे अजून पटलेलं नाही. नवे स्केट्स मात्र सोमवारी मी परत भट्टीत घालायला काढले, तर हिनं खोकं हिसकावून घेतलं. "मला माझे वकिली बरे आहेत. आणि हे वाया कशाला घालवायचे? नवशिक्यांच्या वर्गात तुमचं नाव घातलंय."

सध्या मी रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची पुढे ढकलत बर्फावरून सरपटतो. शेजारून बालवाडीतली पोरं भुर्रकन निघून जातात. बाकावर ही बसलेली असते, थर्मास घेऊन. "गुडघे वाकवा! अहो, गुडघे!"

पडतो, उठतो, पुन्हा पडतो. माप मात्र, सांगितलं ना, तसूभरही चुकलेलं नाही!