साडूभाऊंचा पाण्यातला डबा

माझे साडू अरुणराव चहात साखर कमी हवी हे नुसतं सांगून थांबत नाहीत. "साखर कमी. काय सांगितलं मी?" आपण "साखर कमी" म्हटलं की मगच पुढचं वाक्य. मी बायकोचंही तिसऱ्या हाकेला ऐकणारा माणूस. त्यांच्यासमोर माझी रोज तोंडी परीक्षा.

खोड धंद्यातली. अमरावतीच्या एका कॉलेजात ते शिकवतात आणि पाण्याखालच्या यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं, यावर संशोधन करतात. पाण्यात रेडिओ फार लांब जात नाही, आवाजच पाठवावा लागतो. तो हळू जातो, काठावर आपटून परततो, अर्धा विरतो. म्हणून समोरचा डबा, म्हणजे यंत्र, 'मिळालं' म्हणेपर्यंत पहिल्यानं पुन्हा पुन्हा पाठवायचं. एक वाट बुडाली तर दुसऱ्या डब्याकडून पाठवायचं.

आणि हे कुठल्या वर्षांत? विहिरींचे तळ दिसत होते तेव्हा! शेजारचे रहीमभाई म्हणायचे, "प्रोफेसरसाब, पाण्याखालचं मंग पाहू. आदी नळाले पानी आना!"

साडू हे शास्त्र घरीही चालवत. एकदा 'जेवायला येतो' हा निरोप त्यांनी आमच्याकडे तिघांबरोबर धाडला. तिघंही निरोप घेऊन आले, तिघंही जेवून गेले. साडूंना ताक उरलं.

प्रयोगासाठी त्यांनी दर्यापूरकडचं, तळाशी थोडं पाणी उरलेलं स्वतःचं शेततळं धरलं होतं. तिथं त्यांचे वडील एकटे राहत. पाण्यातून किती निरोप पोचले, त्याचा आकडा काठावरच्या डब्यावर उमटायचा. बाबांनी तो रोज संध्याकाळी फोनवर सांगायचा.

एका संध्याकाळी मी साडूंकडे बसलो होतो, तेव्हा फोन आला नाही. साडूंनी लावला, कुणी उचलेना. शेतकरी जीव देत होते त्या दिवसांत गावाकडचा फोन उचलला गेला नाही की आमच्याकडे माणसाचे हातपाय गार पडत. साडू माझ्या चपला घालून निघाले. मी त्यांच्या घालून मागं निघालो.

"भाऊजी, प्रयोग तर केव्हाच संपला," मेहुणी दारात हळूच म्हणाली. "आई गेल्यावर बाबायनं बोलनंच सोडलं होतं. मनून यायनं डब्बा तिथंच ठेवला. आकड्याच्या निमित्तानं रोज बोलतात तरी."

फाटक उघडतो तर समोर बाबा. भरल्या जीपला लटकून आलेले, धुळीनं पांढरे, काखेत डबा.

"बाबा! फोन कावून नाही उचलला?"

"फोन घरी हाये. एका हातात डब्बा, एका हातात जीपचा डंडा. फोन काय दातात धरू?" बाबा तडकले. मग जरा नरमले. "तुहा डब्बा सकाळपासून मुका हाये. मनलं, आकडा नाही भेटला तर तू जेवनार नाहीस."

 डबा घेऊन साडू ओट्यावर बसले, झाकण उघडलं. मी वाकून पाहिलं. आतला सेल नुसता निसटला होता.

"होते ना दुरुस्त? होईपर्यंत थांबतो मी," बाबा म्हणाले.

साडूंनी सेल काढून खिशात घातला. "मोठा बिघाड हाये, बाबा. लय दिवस लागतीन."