चार लेकरांचा बॅचलर

दोहा मराठी स्नेहमंडळाची २००८ सालची निवडणूक बिनविरोध होणार नाही, हे कळले तेव्हा सभासदांना फार वाईट वाटले. आजवर ती नेहमी बिनविरोध होत असे. यंदा अध्यक्षपदासाठी मैमुनाच्या नवऱ्याविरुद्ध, नसरुद्दीनविरुद्ध, रिफत उभा राहिला. घटनेप्रमाणे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीने लढत, कॅरमसारखे. तेव्हा जोडीदार शोधणे आले.

त्यासाठी बिन महमूद भागातल्या नसरुद्दीनच्या फ्लॅटवर कार्यकारिणी जमली. आपलेच नाव येणार म्हणून रियाज नवा शर्ट घालून आला होता. नसरुद्दीनने चहाचा घोट घेतला आणि जाहीर केले, "केरबा."

"कुठला केरबा?"

"आपला. व्हॅनवाला."

मैमुना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, अलिनाला, केरबाच शाळेत नेत असे. मैमुनाला जगातल्या प्रत्येक चाकाची भीती वाटे, केरबाच्या चार चाकांची सोडून. बाराही मुलांचे पट्टे ओढून पाहिल्याशिवाय हा माणूस गिअर टाकत नसे.

"फायदा ऐका," नसरुद्दीन म्हणाला. "इंडस्ट्रियल एरियाच्या कामगार कॅम्पात एकशे चाळीस मतं आहेत. सगळी केरबाच्या शब्दावर. रिफतकडे काय? त्याच्या बिल्डिंगची नऊ."

"धोका ऐका," रियाज म्हणाला. "त्याला इंग्रजी येत नाही."

"म्हणजे भाषण लांबणार नाही. फायद्यात लिहा."

"उपाध्यक्षाने व्हॅन चालवायची? पदाची काही शान?"

"मग व्हॅन सोडेल, खलास."

"तसं असेल तर आमचा उसामा चालवील की," रियाजचा सूर एकदम मऊ झाला. उसामा त्याचा थोरला भाऊ. सातव्या खेपेला लायसन्स मिळाले, त्याच संध्याकाळी त्याने गाडी लावता लावता खजुराचे झाड गाठले होते.

मैमुनाला ते झाड आठवले. ती राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली होती आणि ते शिक्षण आजवर कुठेच उपयोगी पडले नव्हते. तिने फ्रीजवरची घटनेची प्रत काढली.

"कलम चार, पोटकलम ब," ती दारातूनच वाचू लागली. "मंडळाच्या कार्यक्रमांस फक्त फॅमिलींना प्रवेश राहील. बॅचलर व्यक्तींना हॉलमध्ये येता येणार नाही. मग उपाध्यक्ष काय गेटाबाहेर उभे राहणार?"

बैठक गंभीर झाली. खाली व्हॅनमध्ये बसलेल्या केरबाला वर बोलावले. चपला काढून तो दाराशी उभा राहिला.

"तू बॅचलर ना रे?" रियाजने विचारले. केरबा त्याच्या वडिलांच्या वयाचा होता.

"न्हाई साहेब. लगीन ब्याऐंशीला झालं. चार लेकरं हायत. थोरल्या सोनमला पोरगं झालं. आजा झालो की मी!"

"ते नाही विचारलं. इथं फॅमिली आहे का?"

"कुटुंब गावाला हाय. तानूबाई."

"कुटुंब नको रे, फॅमिली!"

"त्येच की वो."

"म्हणजे बॅचलर," रियाजने नोंद केली. रियाजचे स्वतःचे लग्न व्हायचे होते. पण उसामाच्या घरी राहत असल्यामुळे तो फॅमिली होता.

केरबाचे नाव बाद झाले. मैमुनाने सुटकेचा निःश्वास टाकला. जरा अपराधी वाटले म्हणून तिने त्याच्या हातात सांदणांचा डबाही ठेवला. पोर वाचली!

"एक मिनिट," रियाज म्हणाला. "जो माणूस भरल्या हॉलमध्ये आपल्या बायकामुलांजवळ दोन तास चालत नाही, तो बंद व्हॅनमध्ये बारा मुलांजवळ रोज कसा चालतो?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. केरबा व्हॅन चालवत होता त्या दोन वर्षांत हा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. तो आला नव्हता याचाच आता सर्वांना धक्का बसला.

"अहो, मला तसं नव्हतं म्हणायचं..." मैमुना पुढे आली.

"भाभी, केवढी तुमची नजर! आईच असं बघू शकते. लिहा, व्हॅनवर बॅचलर नको, सूचक मैमुनाभाभी."

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात नसरुद्दीनने वाजवल्या. बायकोचा ठराव एकमताने मंजूर होताना तो प्रथमच पाहत होता.

केरबाने चावी टेबलावर ठेवली. "दुसरा गिअर अडतोय म्हणावं," तो मैमुनाला म्हणाला. "आन् अलिनाताईचा पट्टा दोनदा वढायचा. एकदा लावला की सुटतो त्यो."

निवडणूक नसरुद्दीन-रियाज जोडीने अकरा विरुद्ध नऊ मतांनी जिंकली. मतदान हॉलमध्ये होते. त्यामुळे त्या एकशे चाळीस मतांचा प्रश्न गेटावरच सुटला.

रविवारी, म्हणजे तिकडच्या आठवड्यातल्या शाळेच्या पहिल्या दिवशी, सकाळी सहाला उसामाने हॉर्न वाजवला. व्हॅनचे एक चाक फुटपाथवर होते.

"ममा, इज ही फॅमिली?" अलिनाने विचारले.

"हो गं राणी. यल्ला, चढ," मैमुना म्हणाली, पण तिच्या दप्तराचा बंद तिने सोडला नाही.

"देन लीव्ह माय बॅग, ममा."

मैमुनाने पट्टा दोनदा ओढला. मग पुन्हा दोनदा. व्हॅन उडी मारून निघाली आणि ती अनवाणीच तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावली.

तुम्ही हसलात ना? हसा. मात्र उद्या खाली उतराल तेव्हा आपल्या सोसायटीच्या गेटावरची पाटी वाचा: 'भाड्याने देणे, फक्त फॅमिलीसाठी.' हे ज्या सभेत ठरले तिच्या ठरावाची वही सेक्रेटरींकडे असते. सूचक कोण, ते विचारायची तुम्हाला गरज पडणार नाही.