एका पायावर भाऊराव

या, असे जवळ सरकून बसा. मोबाईल घटकाभर पालथा ठेवा. जोगेश्वरीतल्या आमच्या चाळीत एका पायानं केवढा गोंधळ घातला, ते आज ऐकाच!

पाय भाऊराव गावड्यांचा. वय एकाहत्तर. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि सगळी डावी बाजू मानपानावरून रुसलेल्या जावयासारखी बसली, बोललं तरी हलेना! हळूहळू बोलणं आलं, हात आला. डावा पाय मात्र अजून तळ्यात-मळ्यात करी.

आणि इकडे चाळीच्या विठ्ठलमंदिरातला सप्ताह तोंडावर आलेला. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं उभं राहायचं. बावीस वर्षं पहिला पहारा भाऊरावांचा.

"यंदाही पहिली वीणा मीच घेणार!" त्यांनी जाहीर केलं. "तासभर नाही, पंधरा मिनिटं. पण उभ्यानं!"

व्यायाम शिकवायला येणारी अपूर्वा वयानं लहान, पण शिस्तीला हवालदार. "काका, रविवारी डाव्या पायावर दहा मोजेपर्यंत उभं राहून दाखवा. एका हाताचा आधार चालेल. जमलं तर वीणा, नाही तर खुर्चीत बसून टाळ. कबूल?"

"दहा काय, शंभर!"

"दहाच. आणि काकू जवळ असल्याशिवाय पाय उचलायचा नाही."

पहिला प्रयोग स्वयंपाकाच्या ओट्याला धरून. तिसऱ्या आकड्याला कुकरनं शिट्टी मारली! भाऊराव दचकले, हाताला लागेल ते धरलं. तो निघाला रव्याचा डबा! द्रौपदीकाकूंनी नवरा धरला, रवा सोडला.

"तुमचो तोल आणि माझो रवो, दोनीय एकदम सांभाळूक माका जमाचा नाय!" काकू कडाडल्या. "उद्यापासून देवळात चला!"

देवळात गाभाऱ्यासमोर लोखंडी कठडा आहे, हत्तीनं ओढला तरी हलायचा नाही. दुपारी देऊळ रिकामं. काकू हाताच्या अंतरावर वाती वळत बसत आणि भाऊराव कठडा धरून उजवा पाय उचलत. नजर एका जागी ठेवली की तोल जात नाही, असं अपूर्वानं बजावलेलं. मग नजर ठेवायची कुठं? पांडुरंगाच्या मुखावर! आकडे मोजण्याऐवजी ते नाम घेत. दहा नामं म्हणजे दहा आकडे, हिशेब तोच. पण सहाव्या नामाला पाय थरथरे आणि डोळ्यांत पाणी येई. "देवा, तू विटेवर एवढा उभा राहिलास. मला दहा नामांपुरतं तरी धर रे!"

गुरुवारी शेजारच्या विमलाताईंनी देवळाच्या दारातून पाहिलं. एक पाय अधांतरी, डोळे देवावर, ओठांवर नाम, गालावर पाणी! त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं की बातमी लहान होते!

आता आमची चाळ पाच वर्षं बिल्डरच्या सहीसाठी अडकलेली. संध्याकाळी नळावर बातमी आली, "भाऊराव रिडेव्हलपमेंटसाठी एका पायावर उभे राहतात!" शुक्रवारी ती वाढली, "बिल्डर सही करेपर्यंत पाय खाली ठेवणार नाहीत!" कमिटीच्या राजेशनं ती दहा जोडलेल्या हातांसकट ग्रुपवर टाकली. मग हे घरी चालत कसे येतात, असं एकानंही विचारलं नाही!

रविवारी देवळात अपूर्वासमोर भाऊरावांनी पाय उचलला, आणि चार नामं होतात तोच अख्खी चाळ आत! हार, उदबत्त्या, नारळ!

"काका, लक्ष देऊ नका. पाच... सहा..." अपूर्वा मोजत होती.

"तपस्वी बाबा की जय!" राजेश ओरडला.

"अरे, मी बाबा नाही, पेशंट आहे!" भाऊराव कळवळले.

"बघा, मोठी माणसं कधी कबूल करत नाहीत!" विमलाताई म्हणाल्या आणि त्यांनी डोकंच टेकलं. कुठं? ज्या एका पायावर भाऊराव उभे, त्यावर! मागोमाग नारळ. एक, तीन, सात! इकडे मोजणी दहावर पोचली, अपूर्वा म्हणाली, "ठेवा पाय!" पण ठेवणार कुठं? खाली सगळे नारळ आणि विमलाताईंचा अंबाडा!

"गो, धर माका!"

काकू उसळल्या. एक हात नवऱ्याच्या कमरेला, दुसऱ्यानं नारळ भिरकावले. "खयची तपश्चर्या? व्यायाम करतत हे! उठा बाजूक, विमल!"

पाय टेकला. आणि अपूर्वा हळूच म्हणाली, "काका... तेवीस."

भाऊराव कठड्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले.

सप्ताहाला पहिली वीणा त्यांच्याच गळ्यात पडली. पंधरा मिनिटं, उभ्यानं! बिल्डरची सही अजून आली नाही. विमलाताई म्हणतात, भाऊरावांनी पाय खाली ठेवायची घाई केली!

पण एक सांगायचं राहिलं. त्या पंधरा मिनिटांत रांगेनं सगळे भाऊरावांच्या पाया पडले. मागं खांबाशी द्रौपदीकाकू उभ्या होत्या, स्वतःचे गुडघे दुखत असताना, नवऱ्याचा सदरा कमरेशी मुठीत घट्ट धरून. त्यांच्या पायांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोला, मीही नाही. म्हणून विनवणी एवढीच. तुमच्याकडे सप्ताह बसला आणि वीणेपुढं हात जोडलेत, तर मनातल्या मनात आमच्या द्रौपदीकाकूंनाही एक नमस्कार पोचवा.